एकतीस मेची गाडी

१२ मार्च १९८६, बुधवार

काचेची भट्टी थंड व्हायला वेळ लागणार म्हणून लॅबमधून बाहेर पडले, आणि बरं झालं पडले! ट्रॅव्हल ऑफिसच्या काचेवर नवं पोस्टर. रेल्वेचं यूथ कार्ड. वय सव्वीसच्या आत असेल तर उन्हाळाभर कुठेही जा, भाडं निम्मं. कुठेही! आत जाऊन कॅरलला (काउंटरवरची बाई, चष्म्याला साखळी, माझ्यावर उगाच जीव) पुन्हा पुन्हा विचारलं, कॅलिफोर्नियापर्यंत सुद्धा? म्हणाली, "हनी, रूळ संपून पाणी लागेपर्यंत."

मी पंचवीसची. नोव्हेंबरपर्यंत पंचवीसचीच. म्हणजे अख्खा उन्हाळा माझा.

बाबांना घेऊन जाणार. ठरलं. कुणाला विचारलं नाही अजून, पण ठरलं.

१३ मार्च

काल आनंदात अर्धवटच लिहिलं. बाबा मे अखेर इकडे अमेरिकेत, ट्रॉयला दादाकडे येतायत, पहिल्यांदा. विमानाचं तिकीट दादानं काढलं. बाबांच्या पत्रात अमेरिकेबद्दल एकच वाक्य: "तिकडील गाड्या पाहावयाच्या आहेत." दादा फोनवर हसला. "ट्रेननं कोण जातं इथे? नायगारा दाखवू, मग ऑर्लँडोला फ्लाय करू." गाड्या बघायचं म्हणाले ना ते? त्यात नायगारा कुठून आला!

सगळी नोकरी भुसावळच्या आजूबाजूच्या लहान स्टेशनांवर. स्टेशन मास्तर. मोठ्या गाड्या आमच्याकडे थांबायच्या नाहीत. धाडधाड निघून जायच्या आणि बाबा हिरवी झेंडी धरून उभे. फुकट पास दरवर्षी मिळायचा, कपाटात पडून असायचा. रिलिव्हर (त्यांच्या जागी बसणारा मास्तर) आला नाही, रजा मंजूर नाही, कुणाची तरी बदली. आईला कन्याकुमारीला जायचं होतं, समुद्र बघायला. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणायचे. रिटायरमेंटच्या आधीच्या वर्षी आई गेली. पास तसाच.

आता म्हणतात, अमेरिकेला एकदाच येईन, परत येणं नाही. मग एकदाच काय ते नीट व्हायला नको?

दादा आणतोय त्यांना. फिरवणार मी. माझ्या पैशानं, गाडीनं, समुद्रापर्यंत.

१५ मार्च

मंगलला सांगितलं. (रूममेट. नागपूरची. स्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणून प्रत्येक गोष्ट फसणार याची तिला खात्री.) "पागल झाली का तू? तीन दिवस ट्रेनमध्ये, यार! आणि आंघोळ?" मी म्हटलं, तू हिवाळ्यात तीन दिवस करत नाहीस तेव्हा कुठल्या ट्रेनमध्ये असतेस? उशी फेकली.

२२ मार्च

कॅरलनं रेल्वेचं टाइमटेबल दिलं. जाडजूड, गुळगुळीत कागद. सकाळपासून तेच वाचतेय, क्वालिफायिंग परीक्षेचा अभ्यास बाजूला. आमच्या घरी पेपरच्या आधी टाइमटेबल वाचायचे, मला नकाशा तिथूनच कळला.

बेत असा. लुइसटाउन हे जवळचं स्टेशन, डोंगर ओलांडून. तिथून संध्याकाळी शिकागोची गाडी. शिकागोला गाडी बदलायची. मग प्रेअरी, रॉकीज, वाळवंट, पुन्हा डोंगर, आणि पाणी! नुसतं लिहितानाही अंगावर काटा येतोय. जूनच्या मध्यावर निघायचं. तोवर बाबांचा जेट लॅग जाईल, माझी भट्टीही मोकळी होईल. माझं तिकीट निम्म्यात आलं तर साठवलेल्यात दोघांचं बसतं. नाही आलं तर नाही बसत. सरळ हिशेब.

६ एप्रिल, रविवार

दादाशी फोनवर वाजलं.

"त्यांची पाठ दुखते वसू. तीन दिवस सीटवर?"

"ते पस्तीस वर्षं लाकडी खुर्चीवर बसले."

"म्हणूनच दुखते."

मुद्दा बरोबर. पण मी थोडीच गप्प बसणार. शेवटी म्हणाला, बाबा हो म्हणाले तर मी कोण नाही म्हणणारा. मागून मीनूचा आवाज (दादाची मुलगी, नऊ वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमधून): "आत्या, इज देअर अ पूल ऑन द ट्रेन?" नाही म्हटल्यावर तिचा इंटरेस्ट संपला.

बाबांना कालच पत्र टाकलंय. दादाला कुठे माहीत!

२४ एप्रिल

आलं! बाबांचं आलं!

"चि. वसुधा हिस अनेक आशीर्वाद. गाडीचा बेत उत्तम. इंजिन डिझेल की विजेचे ते कळवावे. सिंगल लाइन आहे की डबल? गार्डाचा डबा असतो काय? रुळांची रुंदी आपल्याहून कमी असल्याचे वाचले होते, समक्ष पाहू. सोबत काय न्यावे ते कळव. मी रोज सकाळी चालण्याचा सराव सुरू केला आहे."

तब्येतीबद्दल एक अक्षर नाही. हवा कशी, नाही. जेवण काय, नाही. चालण्याचा सराव म्हणे! तीनदा वाचलं. मंगललाही वाचून दाखवलं, तर ती पण विरघळली. म्हणाली, "घेऊन जाच तू काकांना."

२ मे, शुक्रवार

सत्यानाश.

कार्ड घ्यायला गेले. आनंदात, नवा शर्ट घालून. कॅरलनं पासपोर्ट मागितला, तारीख टाइप करायला लागली आणि थांबली. "हनी, तू एक जूनला सव्वीसची होतेस."

एक जून! माझ्या डोक्यात नऊ नोव्हेंबर. कायम नऊ नोव्हेंबरच. आई त्या दिवशी ओवाळायची. एक जून ही नुसती फॉर्मवर लिहायची तारीख, आपल्या वयाशी तिचा काही संबंधच नाही असं मी धरून चालले होते. पाच पूर्ण असल्याशिवाय शाळेत घेत नव्हते, मी साडेचारची. बाबांनी हेडमास्तरांना सांगून तारीख मागे ओढली. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जून. मंगलचाही तोच! आमच्या डिपार्टमेंटच्या सेक्रेटरीनं मागच्या वर्षी तीन मराठी लोकांना मिळून एकच केक आणला होता आणि हळूच विचारलं होतं, तुमच्याकडे हा काही पवित्र दिवस असतो का? तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

कॅरलला खरं सांगितलं. "म्हणजे तुला दोन वाढदिवस? इंग्लंडच्या राणीसारखे?" हसली, पण काळजीनं. ती पासपोर्टप्रमाणेच चालणार, दुसरं काय करेल बिचारी. नियम तिनं बोट ठेवून वाचून दाखवला: प्रवास सव्वीस पूर्ण व्हायच्या आत सुरू झाला पाहिजे. एकदा सुरू झाला की पुढचा सगळा, परतीसकट, चालतो.

म्हणजे एकतीस मे. त्या दिवसापर्यंत गाडीत पाय ठेवला पाहिजे.

बाबा येणार चोवीसला. माझी भट्टीवर बसायची पाळी दोन जूनपर्यंत.

कार्ड घेतलं तरी. तिकिटंही एकतीसचीच काढून टाकली, दोघांची. मागे फिरायची वाटच ठेवली नाही.

३ मे

आणखी एक. बाबांना म्हाताऱ्यांची सवलत मिळेल का विचारायला पुन्हा गेले. पासष्टला मिळते. बाबा खरे पासष्टचे आहेत! पण त्यांच्या कागदावर साल तीन वर्षं पुढचं. गावच्या गुरुजींनी अंदाजपंचे टाकलेलं. आणि तारीख? एक जून. अर्थात.

तर हे असं. खऱ्या वयानं बापलेक दोघंही सवलतीत. कागदाच्या वयानं बाबा आत्ताच बाहेर, मीही एका महिन्यात बाहेर. माझं वय त्यांनी वाढवलं, त्यांचं गुरुजींनी घटवलं. मंगल आणि मी किचनच्या फरशीवर बसून इतकं हसलो की वरच्या मजल्यावरच्यानं पाय आपटले. मग मला रडूच आलं. सगळं माझ्या खिशातून, माझ्या हिमतीवर करायचं होतं. आणि आडवं काय आलं, तर बाबांनीच लिहिलेली तारीख.

५ मे

प्रोफेसरांना गाठलं. ते एकच म्हणाले, "काचेला कळत नाही भट्टीपाशी कोण बसलंय. माणूस बसलेला असला म्हणजे झालं." लॅबमधला ली बसणार माझ्या जागी, ऑगस्टमध्ये मी त्याची भट्टी सांभाळणार. त्याला म्हटलं, वडिलांना ट्रेननं फिरवायचंय. तो म्हणाला, माझे वडील अजून बसनंसुद्धा कुठे गेले नाहीत, जा तू. मिठी मारावीशी वाटली. नाही मारली.

भट्टीचा प्रश्न सुटला!! आता दादा.

११ मे, रविवार

दादा भडकला. बाबा शनिवारी उतरणार, आणि गुरुवारी त्यांना इतक्या लांब ड्राइव्ह करून माझ्याकडे आणायचं? "एका पोस्टरसाठी तू म्हाताऱ्या माणसाला पळवतेस."

मी म्हटलं, तू त्यांना ऑर्लँडोच्या करमणूक पार्कात प्लास्टिकचे प्राणी दाखवणार होतास.

मग तो जे बोलला ते लागलं. "मी तीन वर्षं पेपर्स करतोय त्यांना आणायला. आणलं मी, आणि घरी चार दिवस राहायच्या आत तू घेऊन चाललीस."

खरं आहे. मला सुचलंच नव्हतं. मग वहिनीनं फोन घेतला. "वसू, गुरुवारी येतो आम्ही. परत आल्यावर मात्र महिनाभर त्यांना हलवायचं नाही, ते आमचे." मी हो म्हटलं. दादाला सॉरी सांग म्हटलं. ती म्हणाली, तूच सांग, इथेच उभा आहे. सांगितलं.

२४ मे, शनिवार

उतरले! फोनवर आवाज तोच, जरा ओरडूनच बोलतात, लांबच्या स्टेशनशी बोलल्यासारखे. विमान कसं होतं? "बरं होतं. खिडकीतून काही दिसत नाही. वेळेवर सुटलं मात्र." मग लगेच, "पुढच्या शनिवारी किती वाजता रिपोर्ट करायचं?"

झोप येणार नाही आज.

२९ मे, गुरुवार

बाबा इथे. माझ्या घरात. माझ्या खुर्चीत बसून माझा चहा पितायत. बारीक झालेत. पण पायात नवे कॅनव्हासचे बूट, मीनूनं निवडलेले, निळे.

दादा आणि वहिनी उद्या सकाळी परत. जेवताना दादानं स्वतःच बाबांना सांगितलं, शिकागोला गाडी बदलताना वसूचा हात सोडू नका. मग मला बाहेर पॅसेजमध्ये एकटीला: "पाठीचं औषध बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात." बस, एवढंच. आमचं झालं.

रात्री बाबांनी कार्ड मागितलं. उलटसुलट करून बघितलं, उजेडापाशी नेऊन. तिकीट तपासत होते! "एक जूनच्या आत निघायचं. ठीक आहे, निघतोच आहोत."

मला राहवलं नाही. "तुम्ही तारीख बदलली नसती तर ही पळापळ झालीच नसती."

"शाळेचं एक वर्ष वाचलं तुझं."

"आता गेलं ना ते याच्यात!"

कार्ड माझ्या हातात परत दिलं. मग: "कागदावर आहे ती तारीख. मी आजवर कुणाला दुसरी सांगितलेली नाही. एकदा लिहिलं की त्याप्रमाणे चालायचं." संपलं. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याला विनातिकीट धरून दंड करणारा माणूस. मामा अजून त्या विषयावर जेवताना उठून जातो.

३० मे

तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, लिंबाचं लोणचं. मंगलनं पुऱ्या लाटल्या, मी तळल्या. बाबांनी डबा बांधला. त्यांची गाठ सुटत नाही. उद्या!!!

३१ मे, शनिवार. संध्याकाळ, लुइसटाउन स्टेशन

मंगलनं तिच्या खटाऱ्यातून आणून सोडलं. डोंगरावरून उतरताना ब्रेक कुरकुरत होते, बाबा मात्र बाहेरची झाडं बघत मजेत. स्टेशन छोटंसं, जुनं, विटांचं. आम्ही दीड तास आधी. बाबांनी गाडीतून उतरून आधी काय केलं, तर रूळ बघायला गेले. मग आले कपाळाला आठी घालून.

"मास्तर कुठे आहे?"

मास्तर नाही. खोलीला कुलूप. सिग्नल कुठून तरी लांबून चालतात. पाटी आहे, बाक आहे, भिंतीवर फोन नंबर आहे. बाबांना हे पटेचना. "मग गाडी आल्याचं सांगतं कोण?" कोणी नाही बाबा. "आणि आली नाही तर?"

आली नाही.

अजूनही आली नाही. प्लॅटफॉर्मवर आम्ही तिघं आणि दोन पेन्शनर बहिणी, त्याही शिकागोला निघालेल्या. मंगलनं कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावरून नंबर फिरवला. परत आली ती चालण्यावरूनच कळलं. पुढे एक मालगाडी रुळावरून घसरलीय. कुणाला लागलं नाही, पण लाइन बंद. आमची गाडी वाटेत उभी करून ठेवलीय. उद्या सकाळी येईल.

उद्या. एक जून.

मी बाकावर बसले, कार्ड हातात धरून. मंगल म्हणाली, "वसू, यार, असं नको बसू." तिकिटाचे पैसे परत मिळतील, पण कार्ड गेलं म्हणजे दोघांचा प्रवास गेला. नव्यानं पूर्ण भाड्यात काढायला माझ्याकडे नाहीत, दादाकडे मागणार नाही. मागितले तरी बाबा घेणार नाहीत.

बाबा मंगलला विचारत होते, अगदी ड्यूटीवरच्या आवाजात. "गाडी सुरुवातीच्या स्टेशनवरून सुटली का?"

"हो काका, न्यूयॉर्कहून वेळेवर सुटली."

"आजच्या तारखेला?"

"आजच."

"मग झालं," बाबा म्हणाले. "गाडी एकतीसची आहे. ज्या दिवशी पहिल्या स्टेशनवरून सुटते ती तिची तारीख. वाटेत दोन दिवस लागले तरी रजिस्टरला एकतीसचीच लागणार. उद्या येईल, पण आहे आजची."

मंगल: "काका, इथे असं नसेल."

"गाडी आहे ना? मग असेल."

मला हसू आलं, रडूही आलं. खरं असेल का हे? इथल्या कंडक्टरला कोण सांगणार? मंगल घरी चला म्हणतेय, सकाळी परत आणून सोडते. बाबा स्टेशन सोडायला तयार नाहीत. गाडी लवकर आली तर? तिघंही मंगलच्या खटाऱ्यातच झोपणार आता, प्लॅटफॉर्मकडे तोंड करून.

१ जून, रविवार. सकाळ

उजाडलं. मान आखडलीय. मंगलनं उठल्या उठल्या "हॅपी बर्थडे" म्हटलं, तिघांनाही, स्वतःसकट. कागदावर मी सव्वीस, बाबा बासष्ट. बाकावर बसून पुऱ्या खाल्ल्या. बहिणींनाही दिल्या, तिखट लागूनही त्यांनी संपवल्या. आमच्या तिघांचा आज वाढदिवस कळल्यावर थोरली म्हणाली, "तिघांचा? पोरी, किती छान!" खुलासा करत बसले नाही.

बाबा पेट्रोल पंपावर जाऊन दाढी करून आले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, बॅगेत वरच ठेवला होता. निळे बूट पुसले.

भोंगा ऐकू येतोय लांबून!!! ठेवते वही.

१ जून, गाडीत

गाडीत आहोत. गाडी चाललीय. हात हलतोय म्हणून अक्षर असं. क्रमानं लिहिते.

गाडी आली ती मोठी, रुपेरी, पुढे दोन डिझेल इंजिनं. बाबा प्लॅटफॉर्मच्या कडेपासून दोन पावलं मागे, ताठ उभे. इंजिन पुढून गेलं तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप कोपरातून वर आला. झेंडी नव्हती. हात तसाच धरून राहिले, आणि गाडी थांबली! त्यांच्यासमोर. मंगलच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही. तिला मिठी मारली आणि चढले.

कंडक्टर वयस्क, पिकलेल्या मिशा. दारापाशीच तिकिटं, कार्ड, पासपोर्ट मागितला. कार्ड बघितलं, पासपोर्ट बघितला, घड्याळ बघितलं. "मॅडम, हे कालपर्यंतच चालत होतं. हॅपी बर्थडे." चेष्टेनं नाही, वाईट वाटूनच म्हणाला.

बाबा पुढे झाले. त्यांचं इंग्लिश, हळू, एकेक शब्द तपासून: "सर, धिस इज थर्टी-फर्स्ट ट्रेन. कमिंग टुडे. बट इट इज यस्टर्डेज ट्रेन."

तो बाबांकडे बघत राहिला. "रेल्वेतले आहात?"

"स्टेशन मास्तर. रिटायर्ड. इंडिया."

"गाडी कालची, हे मान्य," तो म्हणाला. "पण तुमची मुलगी आज चढली. नियम चढण्याचा आहे."

आता आपण उतरायचं, मी बॅग उचलली सुद्धा. आणि बाबा म्हणाले, इंग्लिशमध्येच, जरा मोठ्यानं, "सर, पासपोर्ट डेट इज राँग. शी इज बॉर्न नाइन्थ नोव्हेंबर. आय वॉज देअर. राँग डेट आय हॅव रिटन. मायसेल्फ."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. गुरुवारी रात्री काय म्हणाले होते! परक्या देशात, युनिफॉर्ममधल्या माणसासमोर, शर्टाचं वरचं बटण लावून. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या. नऊ नोव्हेंबर. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून ही तारीख मी ऐकली नव्हती. त्यांना आठवते की नाही असंही मला कधी कधी वाटायचं. मनातल्या मनात रागवायचेही त्यांच्यावर.

कंडक्टरनं मिशा चोळल्या. मागे गाडी खोळंबलेली. "आधीच उशीर झालाय," तो म्हणाला. "बसा आत्ता. मला विचारावं लागेल." कार्ड आणि पासपोर्ट खिशात घालून गेला. गाडी सुटली.

तो अजून आलेला नाही. दोनदा शेजारून गेला, दुसऱ्यांची तिकिटं पंच करत. आमच्याकडे बघितलंही नाही.

बाबा खिडकीशी. लहान मुलासारखे चौकशी करतायत, ही नदी कुठली, तो बोगदा किती लांब, रुळांखालचे स्लीपर लाकडाचेच का अजून. मला निम्म्याचं उत्तर येत नाही, मग तेच मला सांगतात. मध्येच एक बारकं बंद स्टेशन धाडकन मागे गेलं. बाबा मान वळवून दिसेनासं होईपर्यंत बघत होते. "आतून असं दिसतं होय," म्हणाले. त्यांना किती आनंद झालाय हे त्यांना कळत नाहीये, मला कळतंय. तेवढ्यासाठी सगळं वसूल, असं लिहिणार होते. पण वसूल नाही. मला पाण्यापर्यंत जायचंय. मला फार फार जायचंय.

विचारलं त्यांना, "बाबा, पिट्सबर्गला उतरवलं तर?"

"उतरवेल की. त्याचं काम आहे." थोड्या वेळानं, "मी असतो तर उतरवलं असतं." आणि मग पुरीचा डबा उघडला!

अल्टूना मागे पडलं. थोरली बहीण मागच्या सीटवरून सांगतेय, आता मोठं वळण येईल, डावीकडे बघा, गाडी डोंगराला अर्धा वेढा घालून चढते. बाबा तर उभेच राहिले. आलं वळण! इंजिनं दिसतायत, आमचीच, दरीच्या पलीकडे, आणि त्यांच्या मागे सगळे डबे, वळत वळत थेट आमच्यापर्यंत. बाबा बोटानं डबे मोजतायत, तोंडानं पुटपुटत, पास होणाऱ्या गाडीचे मोजावेत तसे. पण आपला डबा कुठला ते कळेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

डब्याचं दार उघडलं. कंडक्टर आलाय. हातात माझं कार्ड आहे, पासपोर्ट आहे, चेहऱ्यावरून काही कळत नाही. मी बाबांच्या बाहीला ओढलं, "बाबा, आला तो."

"थांब जरा," बाबा म्हणतायत, खिडकीतून मान न वळवता. "डबे मोजून होऊ देत."